धक्का विजेचा, दोष दैवाचा?

मृग नक्षत्र लागून पहिल्या दोन-चार सरी कोसळल्या की वृत्तपत्रांच्या आतल्या पानांत एक ठरावीक साच्याची बातमी दिसू लागते. कुठे विहिरीवरचा पंप सुरू करायला गेलेला बागायतदार, कुठे लोखंडी तारेवर ओले कपडे वाळत घालणारी गृहिणी, कुठे माड कोसळून तुटलेली वाहिनी जोडण्यासाठी खांबावर चढलेला लाइनमन. बातमी सहा-सात ओळींची असते. गावाचे नाव, मृताचे वय, पोलिसांनी पंचनामा केल्याचा उल्लेख आणि ‘दुर्दैवी’ हा शब्द तीत हमखास असतो. या शब्दाला आमची हरकत आहे. वीज मानवी शरीरात शिरल्यावर काय करते, किती प्रवाहाने करते आणि किती क्षणांत करते, हे सारे मोजले गेल्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. ज्याचे गणित मांडता येते आणि ज्याला अडविणारे उपकरण बाजारात मिळते, त्याचे खापर दैवाच्या माथी फोडण्याचा अधिकार कोणास पोचत नाही.

हा प्रश्न चार-दोन घरांपुरता नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९ ते २०२२ या काळात देशात दर वर्षी बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावली. आकाशातून पडणाऱ्या विजेचे बळी यात धरलेले नाहीत. त्यांची गणना निराळी होते. म्हणजे रोज तीसहून अधिक माणसे, तीही बहुतेक कमावत्या वयाची, आम्ही स्वतःच तारांतून खेळवलेल्या विजेने मरतात. एखादी आगगाडी रुळांवरून घसरून एका दिवसात इतकी माणसे मेली असती, तर संसदेत गदारोळ झाला असता. इथे मरण किरकोळीने येते, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

सामान्य समज असा, की माणूस मरतो तो व्होल्टने. खांबावरची कवटी आणि तिच्याखालचा ‘११००० व्होल्ट’ हा लाल फलक आम्ही लहानपणापासून पाहत आलो, त्यामुळे हा समज घट्ट झाला. त्याचा दुसरा भाग अधिक घातक आहे. घरातली वीज २३० व्होल्टची, म्हणजे ती फार तर झटका देईल, मारणार नाही, असे पुष्कळांस वाटते. वास्तविक शरीराची हानी करतो तो प्रवाह, आणि तो मोजायचा अँपिअरमध्ये. दिल्लीच्या कोरड्या हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना जी ठिणगी उडते तिच्या मागे हजारो व्होल्ट असतात. पण प्रवाह इतका अल्प आणि इतका क्षणिक, की माणूस हसून पुढे जातो. आमच्या दमट किनाऱ्यावर ही गंमत सहसा अनुभवास येत नाही. येथे त्याच दमटपणाचे दुसरे रूप वाट्याला येते.

ते कसे, हे शाळकरी पोरालाही करता येईल अशा भागाकाराने कळते. कोरड्या, निबर कातडीचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. अशा हाताने २३० व्होल्टची तार शिवली, तर शरीरातून सुमारे २.३ मिलीअँपिअर प्रवाह जाईल. मिलीअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. हा झटका सणसणीत लागेल, इतकेच. आता तोच हात घामाने किंवा पावसाने भिजलेला आहे, पाय अनवाणी आहेत आणि खाली ओली जमीन आहे असे समजा. रोध हजार ओहमच्या घरात येतो आणि प्रवाह २३० मिलीअँपिअर होतो. तार तीच, माणूस तोच, प्रवाह शंभर पटींनी वाढला. विजेपासून आपले रक्षण करणारी जी वस्तू निसर्गाने दिली ती म्हणजे कातडीचा पातळसा कोरडा थर. तो पाण्याने विरला की आतल्या मांसरक्ताचा रोध अवघा काहीशे ओहमचा उरतो. रक्त हे खारे पाणीच, आणि खाऱ्या पाण्यातून वीज किती सुखाने वाहते हे दर्याकाठच्या माणसाला निराळे सांगावयास नको.

एक मिलीअँपिअरच्या आसपास माणसास मुंग्या आल्यासारखे वाटते. पाच-सहावर वेदना होते. पुढे जे घडते त्याविषयी लोकांत विलक्षण कल्पना रूढ आहेत. ‘करंट माणसाला ओढून घेतो’, ‘वीज रक्त शोषते’ हे आम्ही सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकले आहे. खरी गोष्ट अशी, की आमचे स्नायू मुळात विजेच्याच अतिसूक्ष्म इशाऱ्यांवर चालतात. मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत इशारा आला की स्नायू आकुंचन पावतो आणि इशारा थांबला की सैल होतो. घरची वीज सेकंदास पन्नास आवर्तने घेते, म्हणजे दर सेकंदास शंभर वेळा स्नायूला चाबूक बसतो. त्याला सैल व्हायला उसंतच मिळत नाही. तो आवळलेला तो आवळलेलाच राहतो. हाताची मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात, हे प्रत्येकाने आपल्या मनगटापाशी चाचपून पाहावे. दोन्ही एकदम आवळले गेले की बळकटांची सरशी होते आणि मूठ तारेभोवती घट्ट मिटते. वीज ओढत नाही. माणूस स्वतःच्याच हाताने तिला पकडून ठेवतो, आणि त्याची इच्छा त्या हातापर्यंत पोचत नाही. दाराची लोखंडी कडी चाचपायची वेळ आली तर जाणते वायरमन हाताची पाठ लावतात, ते याचसाठी. मूठ मिटली तरी तीत काही सापडत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्युत अभियंते चार्ल्स डॅल्झिएल यांनी ही मर्यादा निश्चित केली. स्वखुशीने पुढे आलेल्या १३४ पुरुषांच्या आणि २८ स्त्रियांच्या ओल्या हातांत तांब्याची तार देऊन, कोणत्या प्रवाहापर्यंत ती सोडता येते हे त्यांनी पाहिले. पुरुषांची सरासरी १६ मिलीअँपिअर आणि स्त्रियांची साडेदहा भरली. परंतु सरासरीवर सुरक्षितता उभारता येत नाही; दुबळ्यातल्या दुबळ्याचा विचार करावा लागतो. जवळजवळ सर्वांना सोडता येईल असा प्रवाह पुरुषांस ९ आणि स्त्रियांस ६ मिलीअँपिअर ठरला. मुलांवर असले प्रयोग करता येत नाहीत. त्यांची मर्यादा पुरुषांच्या निम्मी, साडेचार मिलीअँपिअर धरण्यात आली. शून्य वॉटचा म्हणून जो चिमुकला दिवा आम्ही देवघरात रात्रभर तेवत ठेवतो तो प्रत्यक्षात दहा-पंधरा वॉटचा असतो आणि चाळीस ते पासष्ट मिलीअँपिअर खातो. त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या प्रवाहात मूल तारेला खिळून राहू शकते.

त्याहून थोड्या अधिक प्रवाहात छातीचे स्नायू आवळले जातात आणि श्वास कोंडतो. बाहेरून पाहणाऱ्यास माणूस नुसता ताठ उभा दिसतो. तो ओरडत नाही, कारण ओरडण्यास लागणारी हवाच फुप्फुसात ये-जा करीत नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला काही कळत नाही ते यामुळेच. विहिरीत वा तळ्यात उतरलेल्या माणसाचे हातपाय तर याहूनही कमी प्रवाहात निकामी होतात. तो बुडतो, आणि मरणाचे कारण पाण्यावर लोटले जाते. सर्वांग भिजलेले असताना कातडीवर भाजल्याचा डागही पुष्कळदा उमटत नाही.

खरी पाळी येते ती हृदयावर. हृदय हा शरीरातला सर्वांत शिस्तबद्ध स्नायू. त्याच्या असंख्य तंतूंनी एका तालात आकुंचन पावले तरच रक्त ढकलले जाते. पन्नास ते शंभर मिलीअँपिअरच्या घरातला प्रवाह छातीतून सेकंदभर गेला, तर हा ताल मोडण्याचा धोका उभा राहतो. हृदय थांबत नाही. त्याचा प्रत्येक तंतू स्वतःपुरता थरथरत राहतो. हरताळात शिरलेल्या जमावासारखी त्याची गत होते, गलका मोठा आणि काम शून्य. वैद्यकात याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. रक्ताभिसरण तत्क्षणी थांबते, दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-सहा मिनिटांत मेंदूची कायमची हानी होऊ लागते. हे थरथरणे आपले आपण थांबून हृदय पुन्हा तालावर येईल, अशी आशा माणसाच्या बाबतीत धरता येत नाही.

प्रवाहाची वाटही महत्त्वाची. एकाच हाताच्या दोन बोटांमधून गेला तर बोटे भाजतील. डाव्या हातातून शिरून पायावाटे जमिनीत गेला तर हृदय नेमके वाटेत येते. काळाचेही तसेच. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात, आकुंचनानंतर विसावा घेताना, एक अल्पसा नाजूक क्षण असतो. झटका ठोक्याहूनही अल्पकाळचा असेल तर तो क्षण चुकण्याचा संभव असतो. सेकंदभर टिकला तर तो क्षण त्यात सापडणारच. शेताच्या कुंपणासाठी जे प्रमाणित यंत्र मिळते ते हजारो व्होल्टचा झटका देते, पण सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता, आणि मग सुमारे सेकंदभर विसावा घेते. त्यामुळे गुरे बिचकतात, मरत नाहीत. रानडुकरांच्या उपद्रवाने त्रासलेले काही शेतकरी मात्र घरच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडतात. तीत व्होल्ट कमी, परंतु विसावा नाही. डुकरासाठी लावलेल्या या सापळ्यात पहाटे शेतावर निघालेला शेजारी, क्वचित् स्वतः लावणाराच सापडतो. पिकांची नासाडी हा खरा प्रश्न आहे आणि तिची भरपाई वेळेवर मिळावी, ही मागणी आम्ही उचलून धरू. पण या तारेला कुंपण म्हणणे आम्हांस मान्य नाही. तो सापळा आहे, आणि माणूस मेला तर तो मनुष्यवधाचा गुन्हा आहे.

उच्च दाबाची तऱ्हा निराळी. ११ किंवा ३३ हजार व्होल्टच्या वाहिनीस स्पर्श करण्याचीही गरज नसते. फार जवळ गेलेल्या हाताकडे वा काठीकडे वीज हवेतून झेप घेते. अनेकदा स्नायूंच्या एकाच जबर आचक्याने माणूस दूर फेकला जातो, खांद्याचा सांधा निखळतो, उंचावरून पडून हाडे मोडतात. जो वाचतो त्याची जखम पाहून डॉक्टरही प्रथमदर्शनी फसू शकतात. तळहातावर नाण्याएवढा करपलेला डाग आणि पायाला दुसरा, मधली कातडी सुरक्षित. आत मात्र हाडांलगतचे मांस शिजून निघालेले. मेलेल्या स्नायूंतून सुटलेले मायोग्लोबिन मूत्रपिंडांत अडकते, लघवी चहाच्या रंगाची होते आणि वेळीच शिरेतून भरपूर पाणी दिले नाही तर मूत्रपिंडे निकामी होतात. सुजलेल्या हाताचे आवरण शस्त्राने उकलावे लागते. कित्येकदा हातच काढावा लागतो. महिन्यांनंतर डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत. हाताची बधिरता, झोपमोड, विस्मरण यांना तर बातमीत कधीच जागा मिळत नाही. जो वाचला तो ‘बचावला’ असे छापून आम्ही मोकळे होतो.

या साऱ्या अभद्र कहाणीतून वैद्यकाच्या हाती एक अनमोल गोष्ट लागली आहे, तिचा उल्लेख टाळणे कृतघ्नपणाचे होईल. जिनेव्हात प्रेव्हो आणि बातेली या दोन संशोधकांना १८९९ मध्ये आढळले की विजेच्या झटक्याने कुत्र्याचे हृदय थरथरू लागते आणि त्याहून जोरदार दुसऱ्या झटक्याने ते पुन्हा तालावर आणता येते. ही नोंद कित्येक दशके दुर्लक्षित पडून राहिली. पुढे अमेरिकेत वीज कंपन्यांचे लाइनमन मोठ्या संख्येने मरू लागले तेव्हा त्या कंपन्यांनी संशोधनास पैसा पुरविला, आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोव्हेन यांनी ते हाती घेतले. हे गृहस्थ डॉक्टर नव्हेत, विद्युत अभियंते. प्रयोगात छातीवर झटक्याच्या जड पट्ट्या दाबताच कुत्र्याच्या रक्तदाबाची रेघ वर उसळते, हे त्यांचा सहकारी निकरबॉकर याच्या नजरेस आले. म्हणजे नुसत्या हातांनी छाती दाबूनही रक्त फिरविता येईल! १९६० मध्ये या दोघांनी शल्यविशारद जूड यांच्यासह आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि आज जगभर शिकविली जाणारी छाती दाबण्याची प्रथमोपचार-रीत त्यातून रूढ झाली. हृदयविकाराचा झटका आलेल्या कोणाही नातलगास या रीतीने जीवदान मिळाले असेल, तर त्याच्या मुळाशी खांबावरच्या अनामिक कामगारांची मरणे आहेत.

१९६७ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहरी छायाचित्रकार रॉको मोराबितो याने टिपलेले चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. झटक्याने शुद्ध हरपलेला लाइनमन खांबावर पट्ट्याला उलटा लोंबकळतो आहे आणि त्याचा सोबती तिथेच, जमिनीवर उतरवण्याची वाट न पाहता, त्याच्या तोंडात आपला श्वास फुंकतो आहे. तो लाइनमन वाचला. चित्राला पुढल्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. आमचे लक्ष वेधून घेते ती सोबत्याची तयारी. काय करायचे हे त्याला माहीत होते. आमच्या वीज खात्याच्या खांबावर चढणाऱ्या प्रत्येकास ही रीत येते काय, आणि शेवटची उजळणी केव्हा झाली, याचे उत्तर खात्याने द्यावे.

सामान्य माणसास जे करता येण्याजोगे आहे ते फार नाही. आधी वीज तोडायची. मुख्य स्विच सापडत नसेल तर खडखडीत कोरड्या लाकडाने तार दूर सारायची, पण खिळलेल्या माणसाला उघड्या हाताने कवटाळायचे नाही. एका घरातली दोन-तीन माणसे एकामागोमाग गेल्याच्या बातम्या येतात, त्या या मायेपोटीच. पावसात भिजलेला बांबू हे लाकूड नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. उच्च दाबाची वाहिनी असेल तर यातले काहीच लागू पडत नाही. खात्याने वीज बंद करीपर्यंत लांब राहावे. सुटका झाल्यावर माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटास शंभर ते एकशेवीस या गतीने, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचे आणि दुसऱ्याने १०८ ला दूरध्वनी करायचा. विजेने पडलेला माणूस पुष्कळदा धडधाकट, निरोगी हृदयाचा असतो. तो वाचण्याची शक्यता म्हणूनच चांगली असते आणि प्रयत्न चटकन सोडता कामा नये. याच्या जागी देशाच्या काही भागांत आजही त्याला मातीत वा शेणात गळ्यापर्यंत पुरतात. माती वीज शोषून घेते म्हणे! झटका थांबताच शरीरात वीज म्हणून काही उरत नाही, शोषायचे काय? जी चार-सहा मिनिटे हाती होती ती खड्डा खणण्यात जातात. या अंधश्रद्धेची जागा पंचायतीच्या सभागृहात एका दुपारच्या शिकवणुकीने घेता येईल, आणि त्यासाठी कसल्याही योजनेची वाट पाहावी लागणार नाही.

आता थोडे आमच्या मुलखाविषयी. मुक्तीनंतर गोव्याच्या खेडोपाडी वीज पोचली ती माडांच्या आणि काजूंच्या राईतून, कुळागरांच्या माथ्यावरून तारा ओढत. त्या काळी याला पर्याय नव्हता. पण खाऱ्या वाऱ्याने तार आणि तिची जोडणी कुरतडली जाते, चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर मिठाचा थर बसतो, आणि आषाढातल्या एका सोसाट्यात झावळीसकट तार खाली येते. येथे आणखी एक अडचण आहे, तिचा विचार फारसा होत नाही. जांभ्याच्या भूमीतून वीज सहजासहजी वाहत नाही. तुटलेली तार अशा जमिनीवर पडली, की पुरेसा प्रवाह न वाहिल्याने उपकेंद्रातले रक्षक उपकरण काही वेळा पडत नाही आणि तार जिवंतच राहते. ती निपचित पडलेली दिसते, म्हणून लोक मेलेली समजतात. तिच्याभोवतीच्या ओल्या जमिनीत दर पावलागणिक दाब बदलत जातो. लांब टांगा टाकणाऱ्याच्या एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडणारा प्रवाह त्याला पाडतो. गाईम्हशी अशा ठिकाणी पटकन मरतात, कारण त्यांच्या पुढल्या-मागल्या पायांत अंतर मोठे आणि हृदय नेमके मधे. अशा तारेपासून दूर जायचे ते पाय जवळ ठेवून, इंचाइंचाने.

घरातल्या घरातही जांभा आडवा येतोच. अर्थिंगसाठी पुरलेली पट्टी मे महिन्यात कोरडी ठणठणीत होते आणि नावापुरती उरते. घर बांधताना एकदा पुरलेले अर्थिंग पुन्हा तपासून घेणारी किती घरे आहेत? तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन भोकांत खुपसणारे मात्र घरोघर आहेत. कपडे धुण्याचे यंत्र, पाणी तापविण्याचा गिझर, विहिरीचा पंप ही सारी पाण्याशी नाते असलेली उपकरणे त्या जाड पिनेच्या भरवशावर असतात. पाडेलीच्या हातची बांबूची काठी जाऊन अॅल्युमिनियमची हलकी काठी आली, तीही तारांखालून मिरवीत नेली जाते. चवथीच्या मंडपांत आणि जत्रांच्या फेरीत रोषणाईच्या तारा उघड्या जोडांनिशी ओल्या कापडावरून नेलेल्या आढळतात, आणि तिथे लहान मुलांचीच गर्दी अधिक.

आणखी एक प्रकार चाललेला आहे, तो बेफिकिरीच्याही पलीकडचा. वीज गेली की ठिकठिकाणी जनरेटर घुरघुरू लागतात. बदल-स्विच न बसविता जनरेटर थेट घरच्या वायरिंगला जोडला, तर त्याची वीज उलट्या वाटेने रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि तिथे ती पुन्हा हजारो व्होल्टची होते. वाहिनी बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेला लाइनमन त्या विजेने मरू शकतो, आणि आपण कोणाचा जीव घेतला हे दिवाणखान्यात पंख्याखाली बसलेल्यास कळतही नाही. काम करण्यापूर्वी वाहिनी दोन्ही बाजूंनी अर्थ करण्याचा नियम आहे तो यासाठीच. तो पाळण्याची साधने प्रत्येक गाडीत असली पाहिजेत, आणि ती वापरण्याइतका वेळ देण्याची तयारी ग्राहकांचीही असली पाहिजे. वादळी रात्री दर पाच मिनिटांनी ‘वीज कधी येणार’ म्हणून केंद्रावर ओरडणारे आम्हीच असतो.

घरगुती मरणांवरचा उपाय मात्र साधा आहे आणि त्याचा ग्राहकांस अजून नीट परिचय नाही. ‘आमच्याकडे फ्यूज आहे, एमसीबी आहे’ असे लोक समाधानाने सांगतात. ही साधने तारांचे रक्षण करतात, माणसाचे नव्हे. पाच अँपिअरचा फ्यूज वितळायला पाच हजार मिलीअँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, आणि हृदय शंभरातच बंद पडलेले असते. जे हवे ते गळती ओळखणारे उपकरण, जुन्या नावाने ईएलसीबी, हल्लीचे आरसीसीबी. एका तारेने घरात गेलेला प्रवाह दुसरीने तेवढाच परत येतो की नाही, एवढेच ते पाहते. तीस मिलीअँपिअरची तूट आढळली की ठोक्याहूनही कमी अवधीत पुरवठा तोडते. ती तूट कदाचित कोणाच्या अंगातून जमिनीत चाललेली असते. अमेरिकेत पाच मिलीअँपिअरवर तुटणारे असे उपकरण तयार केले ते याच डॅल्झिएल यांनी, १९६१ मध्ये. गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. दोन्ही हातांत दोन तारा धरणाऱ्यास तेही वाचवू शकत नाही, आणि महिन्यातून एकदा त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे लागते. तरी नळाखालच्या, पंपाजवळच्या, अंगणातल्या बहुतेक मरणांना ते अडवू शकते. आमच्याकडे १९५६ च्या वीज नियमांत मागाहून त्याची तरतूद घातली गेली आणि २०१० पासूनच्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत ठराविक भाराहून मोठ्या जोडणीस ते आवश्यक ठरविले गेले. ज्याच्या झोपडीत दोन दिवे आणि एक पंखा, त्याला मात्र सूट! अनवाणी पाय, ओल चढलेली भिंत आणि जुनी वायर जिथे एकत्र येतात तिथेच हे उपकरण नको, हा कुठला न्याय? गरिबांच्या घरी ते सरकारने स्वखर्चाने बसवावे. मोफत विजेच्या घोषणांहून हा खर्च खचितच कमी येईल.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर भूमिका स्वच्छ आहे. १९९७ मधल्या एका पावसाळी रात्री मध्य प्रदेशात कारखान्यातून सायकलने घरी परतणारा एक कामगार रस्त्यावरच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने मेला. तिऱ्हाईत माणसाने वीज चोरण्यासाठी तार ओढली होती, आमचा काय दोष, असे वीज मंडळाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते फेटाळले. इतकी धोकादायक वस्तू लोकांत खेळविणाऱ्याने ती निसटू न देण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो, भरपाई द्यावीच लागेल, असा तो निर्णय. म्हणजे वीज तुटून रस्त्यावर येणे हे न्यायालयाच्या लेखी दैव नाही. वर्तमानपत्रांच्या लेखी ते अजून असावे, ही आमच्या व्यवसायालाही शोभणारी गोष्ट नाही.

२००३ च्या वीज कायद्याच्या १६१ व्या कलमान्वये प्रत्येक अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाकडे गेली पाहिजे आणि शासनाने त्याला चौकशी करून कारण नोंदवावयास सांगता येते. गोव्यात वीज पुरविणारे खाते सरकारचे आणि निरीक्षक नेमणारेही सरकारच. म्हणून या चौकशा बंद कपाटात राहता उपयोगी नाहीत. तार कोणत्या जोडापाशी तुटली, तिचे वय काय होते, त्या माडाविषयी कोणी आधी तक्रार दिली होती काय, पुरवठा किती मिनिटांनी बंद झाला, मृत लाइनमनच्या हातांत हातमोजे होते काय आणि असतील तर ते केव्हा तपासले होते, एवढ्या पाच-सहा प्रश्नांची उत्तरे एका कागदावर मावतात. तो कागद ज्या गावी अपघात झाला त्या गावच्या पंचायतीच्या फलकावर महिन्याच्या आत लागावा आणि वृत्तपत्रांकडेही यावा. आम्ही तो छापू, आतल्या पानावर नव्हे. गेल्या तीन पावसाळ्यांतले अहवाल तयार असतील तर खात्याने सुरुवात त्यांच्यापासून करावी. आणि ते तयारच झाले नसतील, तर तसे विधानसभेच्या पटलावर लेखी सांगावे.